फिलिपदादा, मावशीला सांगितलं मी

फिलिपदादा, तुझा बर्फातला सूट टांगायचा हुक अजून रिकामाच आहे. या मोसमातले बाकीचे सगळे सूट परत आले. धुतले, वाळवले, आतली पिसं मोकळी व्हावीत म्हणून झटकले आणि आपापल्या जागी लावले. मधली एक जागा तेवढी सुटलेली आहे. काल सुपरवायझर म्हणाला, "बेनी, उधर दूसरा लगा दे ना, गॅप अच्छा नहीं दिखता." मी हो म्हणालो आणि दुसऱ्याच कामाला लागलो. आज परत म्हणेल. आजही मी काहीतरी कारण काढीन.

तुझ्यासाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सानंतर फादर मला म्हणाले, "बेनेडिक्ट, तू त्याच्या सगळ्यांत जवळचा, चार शब्द बोल." मी उठलो, माइक हातात घेतला. समोर आपली वसईची सगळी माणसं, कोणी हॉटेलातलं, कोणी हॉस्पिटलातलं, ड्युटी बदलून आलेली. आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "फिलिपदादाने मला इथे आणलं." पुढे काही येईना. बसलो. ग्लॅडिस वहिनीने माझ्या हातातला माइक काढून फादरना दिला. म्हणून आता लिहितो. नववीत शाळा सोडलेला माणूस लिहायला बसला की काय होतं ते तुला माहीत आहे. तू आधी चुका काढल्या असत्यास आणि मग म्हणाला असतास, "लिही रे, यल्ला, तुला कोण मार्क देणार आहे?"

बोललो ते खोटं नव्हतं. तू मला आणलंस. बंदरावरच्या आपल्या गल्लीतून दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या खोलीत, जिथे पलंगावर पलंग होते आणि तुझ्या खालचा माझा होता. पहिले कितीतरी दिवस मी झोपायचोच नाही, दाराला कडी लागलीय का ते बघायला उठायचो. तू वरून म्हणायचास, "बेनी, इथे चोर आला तरी त्याला उभं राहायला जागा नाही. झोप." पुढे तुझी बढती झाली, लग्न झालं, सिलिकॉन ओएसिसला घर झालं, अ‍ॅन झाली, तरी दर रविवारी तुझा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट प्रश्न, "जिवंत आहेस ना?" मी म्हणायचो, "आहे." "मग जेवायला ये."

आता रविवारी फोन वाजला की मी आधी नाव बघतो. वाजला नाही तरी बघतो.

आमचं गोदाम तू पहिल्यांदा पाहिलंस तो दिवस मी फार वेळा आठवतोय. रास अल खोरला सगळी गाड्यांची गॅरेजं, ऑइलचा वास, बाहेर अंडं फोडलं तर शिजेल असं ऊन, आणि आत आमच्याकडे बर्फाचे कपडे. तू वहिनीने केलेल्या चिंबोरीच्या कालवणाचा डबा घेऊन आलेलास. आमचा नेपाळी शेर्पा पासांग तेव्हा इथेच होता. वर्षातले दोन मोसम तो हिमालयात असायचा, बाकीच्या दिवसांत आमच्याकडे सामान दुरुस्त करायचा. तू विचारलंस, "हे काय, अंतराळात जायचे कपडे?" पासांग म्हणाला, "पहन के देखो, साब." तू घातलास. टाय तसाच, वर पिसांचा लाल सूट, टोपीसकट. एसी बंद पडलेला. घामाने निथळत तू गोदामात एक फेरी मारलीस आणि आरशासमोर उभा राहिलास. आम्ही दोघं हसून बेजार. तू हसत नव्हतास.

मला तेव्हाच भीती वाटली होती. मला सगळ्याचीच भीती वाटते, हे तू म्हणशील. पण ही वेगळी होती.

आमच्या कंपनीचं काम साधं आहे. दुबईतल्या ऑफिसवाल्यांना उंच शिखरांवर नेऊन आणायचं. परवानगी कंपनी काढते. तंबू, जेवण, डॉक्टर सगळं कंपनीचं. शेर्पा लोक आधी जाऊन दोर लावून ठेवतात, ऑक्सिजनच्या बाटल्या पाठीवर वर नेतात, सकाळी तंबूच्या दारात चहा आणून देतात. मेंबरने फक्त चालायचं. नेपाळी लोक गिऱ्हाइकाला मेंबर म्हणतात. आणि मी इथे वाळवंटात बसून त्या मेंबरांना बूट बसवतो. एकावर एक दोन मोजे घालायला लावतो, भिंतीला लाथ मारायला सांगतो, अंगठा पुढे लागला तर मोठा नंबर देतो.

यावरूनच आपलं पहिलं भांडण झालं, आठवतं? मी म्हणालो, "दादा, त्यात तुझं काय? दुसऱ्याने लावलेला दोर, दुसऱ्याने नेलेली हवा. तू फक्त पाहुणा." तू म्हणालास, "तेच तर रे. हॉटेलात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पार्ट्या लावल्या. लग्नं, वाढदिवस, शेखांच्या मेजवान्या. हॉलच्या दारात उभा राहून बघायचो, सगळं नीट चाललंय ना. मला एकदा पाहुणा होऊन बघू दे."

मी तुझ्या बुटाचा नंबर विचारला.

मग तुझी तयारी सुरू झाली. तुझ्या टॉवरच्या जिन्यात पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक घेऊन तू वर-खाली करायचास. खालचा वॉचमन, तो मलबारी चाचा, रोज कळवळून सांगायचा, "साब, लिफ्ट चालू है." त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की तुला लिफ्टची भीती वाटते. जाड हातमोज्यांनी दोराची कडी उघडायची सवय व्हावी म्हणून तू वहिनीच्या ओव्हनचे हातमोजे घालून घरात फिरायचास. त्याच हातांनी टीव्हीचा रिमोट, त्याच हातांनी दाराची चावी. अ‍ॅन कपाळाला हात लावून म्हणायची, "पप्पा, यू आर सो एम्बॅरसिंग." वहिनी म्हणायची, "माझा केक करपला तर हिमालयात जाऊन दे मला दुसरे मोजे आणून."

तुझ्या खर्चाचा आकडा तू वहिनीला दिरहॅममध्ये सांगितलास. रुपयांत सांगायची हिंमत तुला झाली नाही. तेवढा एक हिशेब आपल्या घरात कोणी मोठ्याने केला नाही.

आता ज्या दिवसावर यायचं मी टाळतोय तो दिवस. झावळ्यांच्या रविवारनंतरचा. तू चर्चमधल्या झावळीचा विणलेला छोटा क्रूस घेऊन आलास आणि म्हणालास, याला सुटाच्या आतून खिसा शिवून दे, छातीपाशी. मी मशीनवर बसलो. पासांग शेजारी बूट तपासत होता. तू सहज विचारलंस, "पासांग, वर जे राहतात त्यांचं काय होतं?"

पासांग सहसा असल्या गोष्टी बोलत नाही. त्या दिवशी बोलला. एकदा एका परदेशी मेंबरला खाली आणायला गेलेला. बर्फाने घट्ट धरलेलं शरीर, ते कुऱ्हाडीने मोकळं करावं लागतं, वजन दुप्पट होतं, आणि अरुंद वाटेवरून दोराने खाली सोडायचं. त्या कामात त्याच्या गावचा एकजण घसरला. "मेंबर घर गया," पासांग म्हणाला, "मेरा दोस्त उधर रह गया." आणि परत बुटाच्या तळाला ब्रश मारायला लागला.

मग मला मराठीत म्हणालास, "बेनी, माझं काही झालं तर कोणाला वर पाठवायचं नाही हं."

"तोंड धू जा."

"खरंच सांगतोय. आईला तू सांग. ती माझ्यापेक्षा तुझं ऐकते."

"मी काही सांगणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग. वहिनीला सांग."

"ग्लॅडिसला सांगितलं तर ती जाऊच देणार नाही."

"मग बरंच होईल."

तू हसलास. आणि मी चिडलो. मशीनवरचा पाय जोरात पडला, खिशाची शिवण वाकडी गेली. म्हटलं उसवून परत घालतो. तू म्हणालास, "राहू दे, बाहेरून कुठे दिसतेय?" एअरपोर्टवर सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर तू मला बाजूला घेतलंस. "आपलं ते ठरलं ना?" मी म्हणालो, "काहीही ठरलेलं नाही." तू खांद्यावर थाप मारलीस, "इन्शाल्ला वेळच येणार नाही," आणि ट्रॉली ढकलत गेलास. आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं ते. म्हणजे भांडणच.

बेस कॅम्पवरून तुझे व्हॉइस मेसेज यायचे. ते मी पुसलेले नाहीत, पण लावतही नाही. एक मात्र तोंडपाठ आहे. "अरे बेनी, इथे जेवणाच्या तंबूत टेबलावर कापडी नॅपकिन! पण घडी चुकीची घालतात. मी किचनमध्ये जाऊन दाखवून आलो. कुकने मला बटाटे सोलायला बसवलं." मागून पासांगचा आवाज, "साब, मेंबर लोग किचन में नहीं आता!" झालास पाहुणा, दादा? एक जेवणसुद्धा तुला बसून जेवता आलं नाही.

आणि मग तो सकाळचा मेसेज. कंपनीचा एक ग्रुप आहे, मेंबर आणि त्यांची घरची माणसं त्यात असतात. त्यावर आलं, फिलिप शिखरावर पोचला. लगेच फुलं, टाळ्या, केकची चित्रं. वहिनीने फोन करून नुसतं रडून घेतलं. मी बाजूच्या बेकरीतून पेस्ट्र्या आणल्या आणि गल्लीभर वाटल्या. टायरवाल्या पठाणाने विचारलं, "शादी है?" मी म्हणालो, "मेरा भाई पहाड पे चढा." तो म्हणाला, "माशाल्ला, उतरा?"

फक्त त्यानेच विचारलं. पासांगही नेहमी तेच बजावायचा, वर पोचलं की काम अर्धंच झालेलं असतं. पण ग्रुपवर फुलं शिखरावरच्या मेसेजलाच पडतात. उतरल्याच्या मेसेजला कोणी बघतही नाही. मीसुद्धा दुपारी उरलेली पेस्ट्री खात होतो तेव्हा ऑफिसमधून, मोहिमा सांभाळणाऱ्या हाला मॅडमचा फोन आला. उतरताना तू वरच्या कॅम्पच्या थोडं आधी बसलास. दमलो म्हणालास. पासांगने उठवलं, ऑक्सिजन वाढवला, ओढलं, शिव्या दिल्या. तू उठला नाहीस. श्वास थांबल्यावर त्याने तुला वाटेच्या कडेला नेऊन जुन्या दोराला बांधलं आणि तो एकटा खाली आला.

अर्धी पेस्ट्री कितीतरी वेळ माझ्या हातात होती. ठेवायची कुठे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आम्ही सगळे. हाला मॅडम स्वतः आल्या होत्या. बाई बरी आहे, दादा, तिचेही डोळे सुजलेले. तिने सांगितलं, मोसम संपत आलाय. वरचे दोर काढायला लागले की मग कोणालाच जाता येणार नाही. फिलिपला आणायचं तर शेर्पांची एक टीम लगेच निघायला हवी, खर्च इन्शुरन्स देईल. घरच्यांचा होकार लागेल. उद्यापर्यंत.

वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "आईंना विचारू या."

तुझ्या आईला, मेरीमावशीला, विचारायचं काय होतं? वसईला फोन लागला तसा तिचा आवाज घरभर झाला. "आणा माझ्या पोराला! काय विचारता? त्याचा बाप समुद्रात राहिला, थडग्यात नुसती त्याची टोपी पुरलीय मी. याला तरी मातीत घालू द्या. कंपनी पाठवेल ना पेटी? सगळ्यांची येते." खरं होतं तिचं. आपल्या गल्लीत गल्फवरून पेटी येणं सगळ्यांना माहीत आहे. कागद होतात, विमानातून पेटी येते, पोरं टेम्पो घेऊन एअरपोर्टवर जातात, संध्याकाळी चर्चची बेल वाजते. कोणी आणली, कशी आणली, कधी कोणी विचारलंय?

हाला मॅडमला आम्ही म्हणालो, आई हो म्हणते. वहिनीने मान हलवली. मीही हलवली. आणि तुझं ते वाक्य मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

खाली येऊन पार्किंगमधून मी पासांगला फोन लावला. तो बेस कॅम्पला होता, आवाज बसलेला, बोलता बोलता खोकत होता. मी म्हणालो, "पासांग, टीम में कौन जाएगा?"

"मैं जाएगा, और कौन. मेरा मेंबर है. मैंने बांधा, मैं ही खोलेगा."

"तेरी तबियत?"

"बेनी भाई, तबियत का क्या है. फिलिप साब ने मेरे को घर में मच्छी खिलाया. भाभी ने डब्बा दिया." परत खोकला. मागे कुणीतरी बाई त्याच्यावर ओरडत होती, फोन स्पीकरवर असावा. मी विचारलं कोण. म्हणाला, "अम्मा है, दूसरे फोन पे. सुबह से गाली देती है, बोलती है नीचे आ."

दादा, मी तिथे दोन गाड्यांच्या मध्ये खाली बसलो. तुझा राग आला. खरंच सांगतो, तू गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि तुझा राग आला. तू मजेत बोलून गेलास आणि भार कोणावर टाकलास? ज्याला गॅसचं बटण बंद आहे का हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत जावं लागतं, त्याच्यावर. न सांगावं तर पासांग वर जाणार. सांगावं तर मावशीच्या हातातून दुसऱ्यांदा माती जाणार, आणि ती मीच काढून घेतलेली. आणि तिने विचारलं, तू खोटं कशावरून बोलत नाहीस, तर? साक्षीला होतं काय माझ्याकडे? एक वाकडी शिवण, तीही तुझ्याबरोबर वर.

वर जाऊन मी आधी वहिनीला सांगितलं. स्वयंपाकघरात. तिच्यासमोर ओट्यावर ते ओव्हनचे मोजे पडलेले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याचं लग्न माझ्याशी झालं होतं की तुझ्याशी?" तिने एक मोजा उचलून परत टाकला. "मला का नाही सांगितलं त्याने?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं म्हणून."

"नसतंच दिलं!" ती ओरडली. दारात अ‍ॅन उभी होती. ती हळू म्हणाली, "देन ही शुड हॅव टोल्ड अस." वहिनीने तिला जवळ घेतलं. मग मला म्हणाली, "आईंना तूच सांग, बेनी. मला नाही जमणार. पण त्या आणा म्हणाल्या तर आणायचं. मी त्यांच्याशी भांडणार नाही."

मावशी व्हिडिओवर आली. घराबाहेरच्या ओट्यावर बसलेली, तुझी चुलत बहीण फोन धरून, मागे शेजारपाजारच्या बायका. जपमाळ चालू असावी, थांबली. मी सरळ सांगायला गेलो आणि भलतंच बोललो. म्हणालो, "मावशी, तिथे हेलिकॉप्टर जात नाही."

"मग?"

"माणसं जातात. चालत. त्याला खांद्यावर, दोराने... उतरवून आणतात."

"कोण माणसं?"

"पासांग. त्याच्याबरोबर होता तो. आणखी चार-पाच जण."

मग मी बाकीचं सांगितलं. गोदाम, खिसा, पासांगची गोष्ट, तू काय म्हणालास ते. जसं होतं तसं, माझ्या 'तोंड धू जा'सकट.

मावशीने विचारलं, "हसत म्हणाला?"

"आधी हसत नव्हता. मी नाही म्हणालो तेव्हा हसला."

"मला का नाही म्हणाला?"

"माहीत नाही, मावशी."

"त्या पोराला आई आहे?"

"आहे. खाली ये म्हणून शिव्या देतेय."

मागच्या बायकांपैकी कोणीतरी काही बोललं, मावशीने हाताने गप्प केलं. पदराने तोंड पुसलं. मग ती जे बोलली ते गल्लीत किती जणांना माहीत होतं देव जाणे. मला नव्हतं. तुला होतं का?

"फिलिपचा बाप आला नाही त्या दिवशी," ती म्हणाली, "माझा भाऊ शोधायला होडी काढत होता. वारा तसाच होता. मी त्याच्या सदऱ्याला मागून धरलं. तो ओढत होता, मी सोडत नव्हते. सदरा फाटला, तो थांबला, मी हातात राहिलेला तुकडा धरून बसले. लोक म्हणाले, ही कसली बायको, नवऱ्याला शोधायला जाऊ देत नाही. अजून म्हणत असतील." ती थांबली. "माझ्या भावाला मी जाऊ दिलं नाही. मग दुसरीच्या पोराला कशी पाठवू रे?"

फोन धरणाऱ्या बहिणीचा हात हलला, चित्रात नुसतं छप्पर दिसायला लागलं. छपरातून मावशीचा आवाज आला, "त्याला सांग, फिलिपची आई नको म्हणते. घरी जा म्हणावं."

मी हाला मॅडमला सांगितलं. पासांगला सांगितलं. पासांगने खोकून घेतलं. मग म्हणाला, "साब की अम्मा को बोलना, मैंने साइड में रखा है. रास्ते से नहीं दिखता. आने जाने वाला कोई फोटो नहीं निकालेगा. क्रॉस पॉकेट में है, मैंने चेन बंद किया." आणि मग हा एवढा दणकट माणूस रडायला लागला. मी इकडे, तो तिकडे. त्याच्या आईचा आवाज मागून थांबला होता.

आता तो गावी आहे. खोकला कमी आहे. पुढच्या मोसमात जाणार का विचारलं तर म्हणतो, देखेंगे. म्हणजे जाणार.

मावशीने तुझ्या बापाच्या क्रूसावर तुझंही नाव घालून घेतलंय. मातीत काय ठेवायचं असं वहिनीने विचारलं होतं, ओव्हनचे मोजे पाठवू का म्हणून. मावशी म्हणाली, "नको. ते वापर. केक कर." वहिनीने अजून केला नाही. करेल.

सगळं तू म्हणालास तसं झालं, दादा. पण मला पटलं असं समजू नकोस. माझ्यावर विश्वास टाकलास त्याचे उपकार मी मानतो. माझ्यासारख्यावर तेवढा विश्वास दुसऱ्या कोणी टाकलेला नाही. तरीही ते तू स्वतः सांगायला हवं होतंस. ओट्यावर बसून, तिच्यासमोर. ती रडली असती, जेवली नसती, तुला दोन लगावल्या असत्या. आणि तिने तुला सदऱ्याची गोष्ट सांगितली असती. कदाचित तुझा सूट हुकवर असता. कदाचित नसता. पण तिला ती गोष्ट तुलाच सांगता आली असती, माझ्या फोनमधून छपराला सांगावी लागली नसती.

परवा पुढच्या मोसमाचा पहिला मेंबर बूट घ्यायला आला. बँकेतला आहे, पुण्याचा, हसरा पोरगा. एक बूट घालून भिंतीला लाथा मारत होता. मी दुसरा बूट हातात धरला आणि विचारलं, "साहेब, वर काही झालं तर काय करायचं, ते घरी कोणाला सांगितलंय?"

तो हसला. "अहो, तुम्ही तर अपशकुनच करताय."

"सांगितलंय का?"

"कंपनीला लिहून दिलंय ना सगळं."

"कंपनीला नाही. घरी."

मला वाटलं हा आता सुपरवायझरला बोलावणार. माझी नोकरी गेली असंही डोळ्यांसमोर येऊन गेलं. पण बूट मी दिला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर सुटांच्या रांगेकडे गेली, त्या मोकळ्या जागेवर थांबली. तो बाकावर बसला. एका पायात एवढा मोठा बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. त्याने फोन काढला.

"हॅलो, आई? काही नाही गं, सहज. जेवलीस का?"

मी शटरबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. दुसरा बूट माझ्याच हातात होता.